उगवला का?

"चंद्र दिसल्याशिवाय ताट पुढे ओढायचं नाही, नीलू. आणि तिकडे सदा ढगच असतात म्हणतेस, तर निदान वेळ तरी नीट बघत जा."

आईचं हे वाक्य संकष्टीच्या दिवशी नारळ खवताना हमखास ऐकू येतं. मी सिंगापूरला आले तेव्हा फोनवर म्हणाली होती. आई गेल्या श्रावणात गेली. आवाज मात्र राहिलाय... खवणीच्या खरखरीत मिसळून.

ती मार्गशीर्षातली संकष्टी. दिवसभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. हौगांगमधल्या आमच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या, म्हणजे मोकळ्या तळमजल्याच्या कडेला एक बाक आहे. समोर शाळेचं मैदान, म्हणून पूर्वेचं आभाळ तेवढंच मोकळं. माझ्या भाड्याच्या खोलीतून दिसतात ते पलीकडच्या ब्लॉकवर बांबूंना वाळत घातलेले कपडे. त्यामुळे अर्घ्य द्यायला मी खालीच येते. ताम्हण, तांब्या, दूर्वा, आणि डब्यात पाच मोदक.

फोन टुण्‌कन वाजला. पडद्यावर पिवळा चंद्र आला आणि खाली अक्षरं – 'उगवला!'

आभाळात काळ्या ढगांखेरीज काही नव्हतं. मी ढगांनाच अर्घ्य दिलं, हात जोडले, डबा उघडला. मोदक तोंडाशी नेला, आणि –

"थांबा! खाऊ नका!"

मराठी! मी इतकी दचकले की मोदक ताम्हणातच पडला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एकजण बसला होता. मांडीवर लॅपटॉप, शेजारी एक तडा गेलेला टॅब्लेट आणि दोन जुनाट फोन. चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच.

"का हो?" मी हळूच विचारलं. "त्यात काही पडलं का?"

"नाही, नाही. चंद्र उगवला नाहीये अजून. अर्धा तास आहे."

"माझ्या फोनवर उगवलाय."

"आभाळात नाही ना पण."

मी पडदा त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे अ‍ॅप... कुणी केलंय माहितीये तुम्हाला?"

"नाही. 'उगवला का?' एवढंच नाव आहे. कुणीतरी हौसेने केलंय. फुकट आहे, जाहिराती नाहीत. रोज अथर्वशीर्ष झालं की त्या माणसाचंही भलं कर म्हणते मी देवाला."

त्याचे कान लाल झाले. चष्मा काढून तो शर्टाला पुसत राहिला.

"पोचतं का हो ते?" तो म्हणाला. "कारण तो माणूस मीच. निशिकांत."

मला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"का हसलात?"

"काही नाही... संकष्टीला निशिकांत भेटला. तोही अर्धा तास आधी."

बोलून गेले आणि जीभ चावली. अनोळखी माणसाशी असं मी कधी बोलत नाही. तो मात्र समोरच्या ढगांकडे बघत गालातल्या गालात हसत होता.

खरा चंद्रोदय होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो, मध्ये ताम्हण ठेवून. त्याने सांगितलं, साताऱ्याला त्याची आई एकटी असते, तिच्यासाठी हे अ‍ॅप केलं. मग मावशीने मागितलं, मावशीच्या भजनी मंडळाने मागितलं. कुणाकडे नवा फोन, कुणाकडे मुलाने टाकलेला टॅब्लेट, कुणाकडे टीव्हीला लावायची डबी. जे येईल त्यावर ते चाललं पाहिजे.

"साताऱ्यात बरोबर चालतं. पुण्यात, दुबईत बरोबर. फक्त सिंगापूरच्या लोकांची तक्रार – चंद्र आधी उगवतो. तीही सगळ्यांची नाही. माझ्याकडची ही सगळी यंत्रं लोकांनी टाकून दिलेली. यांच्यावर चूक दिसतच नाही. आज तुमच्या फोनवर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली."

"माझ्या आधीच्या फोनवर नव्हती?"

"तो जुना होता?"

"हो. हा मी... आषाढात घेतला. आईला माझा चेहरा नीट दिसावा म्हणून."

पुढचं माझं मलाच कळलं. आई गेल्यानंतरच्या सगळ्या संकष्ट्या मी या फोनवर सोडल्या होत्या. सगळ्या अर्धा तास आधी! आईने सांगितलेलं एवढंच तर मी पाळत होते.

मी डबा बंद केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यालाही कळलं असावं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी शोधून काढतो. जायच्या आधी."

"कुठे जायच्या?"

"परत. कंपनीने आमची टीमच बंद केली. नोकरीचा पास रद्द झाला की महिनाभर राहता येतं फक्त. पुढच्या संकष्टीला सकाळचं विमान."

मैदानापलीकडे ढग जरासे उजळले, तेवढाच चंद्रोदय. मी दुसऱ्यांदा अर्घ्य दिलं आणि मोदकांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"आधी तुम्ही," तो म्हणाला. "मी नुसता हिशेब करतो. उपास तुमचा आहे."

*

नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. निकाल विचित्र आला की आम्ही पेशंटवर संशय घेत नाही. तोच नमुना दुसऱ्या मशीनवर घालून बघतो. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग मला मशीनं मिळवून द्या. सिंगापुरातली, मराठी घरातली, नवी-जुनी कसलीही."

आमचं अथर्वशीर्षाचं मंडळ आहे. बायकांच्या ग्रुपवर मी कधी 'नमस्कार'पलीकडे लिहीत नाही. त्या दिवशी चार ओळी लिहिल्या. माझी रूममेट ऋचा बँकेत असते. ती डोळे मोठे करून म्हणाली, "नीलिमा, तू? लोकांचे फोन मागतेयस? कोण आहे गं तो?"

"अ‍ॅप दुरुस्त करायचंय."

"अ‍ॅप. बरं. मग केसांत गजरा कसला?"

"देवीला आणला होता. एक उरला."

"उरला!" ऋचा म्हणाली, आणि दिवसभर मला 'उरला का?' विचारत राहिली.

मग रविवारी, कधी ड्यूटी संपल्यावर, आम्ही दारोदार हिंडायला लागलो. बेल वाजवायची, चपला काढायच्या, निशिकांतने फोन हातात घ्यायचा आणि मी घरातल्यांशी बोलत राहायचं. तो प्रत्येक फोनशी इतकं हळुवार वागायचा... तडा गेलेल्या काचेवरून बोट फिरवताना 'दुखतंय का' विचारल्यासारखं. मी ते बघत असायचे. तो वर बघायचा. मग मी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

रोज सकाळी त्याचा निरोप यायचा, फक्त दोन शब्दांचा – 'उगवला का?'

म्हणजे दिवस. मी लिहायचे, 'आवर्तनं व्हायचीत.' तो लिहायचा, 'मी थांबतो.'

पण कोडं काही सुटेना. एका घरातल्या महागड्या नव्या फोनवर चूक, त्याच घरातल्या आजोबांच्या खटारा कंप्युटरवर बरोबर. निशिकांत दिवसेंदिवस गप्प होत चालला. कुठल्याच कंपनीकडून नोकरीसाठी बोलावणं आलं नाही. पाऊस थांबत नव्हता. एकदा छत्रीखाली चालताना तो म्हणाला, "हे जमलं नाही, तर अ‍ॅप बंद करून टाकीन. लोकांचे उपास मोडण्यापेक्षा नसलेलं बरं."

"असं म्हणू नका हो."

"तुमचा मोडला ना?"

मला म्हणायचं होतं, मोडला म्हणून तर तुम्ही भेटलात. म्हटलं नाही. छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली. माझा खांदा भिजला. त्याला कळलं नाही. की कळलं... कारण पुढच्या वेळी त्याने मोठी छत्री आणली.

आणि एक गोष्ट मी देवालाही सांगितली नव्हती. चूक सापडू नये, असं मला वाटायला लागलं होतं. सापडली की दारं संपली. रविवार संपले.

*

वर्षअखेरीच्या रविवारी आम्ही बुकित तिमाहला विश्वासकाका आणि आमच्या मंडळातल्या स्मिताकाकूंच्या कॉन्डोत गेलो. काका बँकेत होते, तरुणपणीच इथे आले, इथलेच झाले. त्यांची मुलगी गार्गीही आली होती. चाळिशी ओलांडलेली, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत.

निशिकांत बाहेरच्या खोलीत काकांच्या कंप्युटरशी झटत होता. काका मागे उभे राहून फुशारकी मारत होते, "माझ्याकडे बरोबर येतंय ना? जुना माल आहे बाबा! गार्गीचा नवा फोन बघ, साफ चुकतोय."

आत काकू मला पुरणपोळी वाढत म्हणाल्या, "तुझी पत्रिका आहे का गं? सहज विचारते. त्याची आहे का?"

"काकू, आम्ही अ‍ॅपसाठी..."

"अगं, असू दे अ‍ॅपसाठी. पण पत्रिका दाखवशील तर सिंगापूरचं काही गणित आलं की जपून हो! आमच्या गार्गीची दोनदा करावी लागली. पुण्याच्या गुरुजींनी सरळ अडीच तास वजा केले आणि बसवला मंगळ. आम्ही घाबरलो! मग यांच्या लक्षात आलं, अहो, गार्गी झाली तेव्हा भारतात आणि इथे दोनच तासांचा फरक होता. त्या वर्षाच्या शेवटी सरकारने इथली घड्याळं अर्धा तास पुढे केली. नव्याने पत्रिका केली तर मंगळ गेला की!"

"मा, नॉट अगेन लाह!" गार्गी कपाळाला हात लावून म्हणाली.

"तोवर हिने लग्न उरकलंसुद्धा होतं," काकू म्हणाल्या, "हौगांगच्या चिनी मुलाशी. त्याला कसला मंगळ नि कसलं काय!"

सगळे हसले. माझा घास हातातच राहिला.

अर्धा तास!

दारातून निशिकांतची पाठ दिसत होती. वाकलेली, दमलेली. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. काकूंनी अजून एक पोळी वाढली. मी नको म्हणायचंही विसरले.

परतीच्या बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेशी बसलो. पाण्याच्या रेघा काचेवरून ओघळत होत्या. त्याने डोळे मिटले होते. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर मी स्वतःला म्हणत होते, पुढच्या थांब्याला सांगते. न सांगितलं तर दोन रविवार आणखी. दोन रविवार, ही छत्री, हे शेजारी बसणं. मग विमान. आणि साताऱ्याला तो एक हरलेला माणूस म्हणून उतरेल. रोज सकाळी मी ज्याचं भलं मागते, त्याच्याशी मी असं वागणार होते?

"निशिकांत," मी म्हटलं. पहिल्यांदाच नावाने. त्याने खाडकन डोळे उघडले.

"काकूंनी गार्गीची पत्रिका दोनदा केली," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग ताठ बसला. बॅगेतून लॅपटॉप काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला.

"सगळी यंत्रं काळ मोजायला सुरुवात करतात ती एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीपासून," तो भराभर बोलायला लागला. "आणि मी मूर्ख, प्रत्येक यंत्राला तिथूनच विचारतोय – सिंगापूर किती पुढे? नव्या फोनांना सगळा इतिहास ठाऊक आहे. ती बिचारी खरं उत्तर देतात... तेव्हाचं! अर्धा तास कमी. काकांच्या खटाऱ्याला फक्त आजचं माहीत, म्हणून ते बरोबर. भारताचं घड्याळ त्यानंतर हललंच नाही, म्हणून साताऱ्यात सगळं ठीक. नीलिमा, ज्यांना जुनं आठवतं ना, तीच चुकतायत!"

"मग मी त्या फोनांसारखीच," मी म्हटलं.

तो एकदम थांबला. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"त्यांची चूक नाही," तो सावकाश म्हणाला. "त्यांनी आठवणीतलं अगदी खरं सांगितलं. मी चुकीच्या दिवसाचं विचारलं. आजचं विचारायला हवं होतं."

आणि मग अगदी हळू – "आजचं विचारू का?"

मी खाली बघितलं. माझ्या ओढणीचं टोक त्याच्या ओल्या छत्रीखाली अडकलं होतं. मी ते सोडवून घेतलं नाही.

"आपला थांबा आला," मी म्हटलं.

त्याने विचारलं नाही. पास नाही, नोकरी नाही. कुठल्या तोंडाने विचारू, असं त्याला वाटलं असेल. मला मात्र ते तीन शब्द रात्रंदिवस ऐकू येत राहिले... आईच्या आवाजाशेजारी.

*

त्याने अ‍ॅप दुरुस्त केलं. गार्गीचा फोन, ऋचाचा, माझा – सगळ्यांवर एकच वेळ आली. मी त्याच संध्याकाळी देवापुढे बसून ठरवलं, आई गेल्यानंतरच्या संकष्ट्या पुन्हा करायच्या, पहिलीपासून. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्या चुकीची भरपाई तुम्ही करणार?"

"भरपाई कसली? आईने वेळ नीट बघ म्हटलं होतं. आता नीट दिसते."

पौषातल्या संकष्टीला पहाटेपासून पाऊस होता. टॅक्सी यायची होती. तो दोन बॅगा घेऊन बाकाशी उभा. मी ड्यूटीच्या कपड्यांत. उपास असल्यामुळे प्रसादाचं केळं फक्त त्याच्यासाठी आणलं होतं.

"एक काम कराल?" तो म्हणाला. "आज नव्या अ‍ॅपची पहिली संकष्टी. माझा यंत्रांवर विश्वास उडालाय. फोन बघून नका सांगू. इथे बसून आभाळ बघून सांगा. खरंच उगवला का ते."

"सांगेन."

"पाऊस असेल."

"सांगेन म्हटलं ना."

टॅक्सी वळून आली. ड्रायव्हरने खाली उतरून बॅगा डिकीत टाकल्या. निशिकांत दार धरून उभा राहिला. त्याच्या चष्म्यावर पुन्हा थेंब होते, पहिल्या दिवसासारखे.

"येतो," तो म्हणाला. "म्हणजे... कधी, ते माहीत नाही."

मी कधी मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही नाही बोलले. त्याला वाकून ऐकावं लागलं.

"माझ्या आईने सांगितलंय, निशिकांत दिसल्याशिवाय ताट पुढे ओढायचं नाही."

क्षणभर त्याला कळलंच नाही. मग कळलं. त्याचे कान लाल झाले.

"नीलिमा... साताऱ्याला चंद्र दोन-अडीच तास उशिरा उगवतो. तोवर फोनवर तरी कसा दिसेन मी? आईचं अर्घ्य होईपर्यंत मी तिच्याजवळ असेन. तुम्ही इथला चंद्र झाला की जेवून घ्या."

"इथल्या चंद्राला अर्घ्य देईन. जेवेन तिकडचा उगवल्यावर."

"उपाशी राहाल इतका वेळ?"

"वेळ कळेल ना नीट. अ‍ॅप आता बरोबर सांगतं."

तो हसला, आणि हसता हसता त्याला चष्मा काढावा लागला. "मी येतो," तो पुन्हा म्हणाला. या वेळी नुसतं तेवढंच.

आजवर मी त्याला 'या' म्हणत आले होते. अहो, बसा, घ्या, या.

"ये," मी म्हटलं.

टॅक्सी पाण्यातून निघून गेली. मी एमआरटी स्टेशनकडे वळले. दिवसभर लॅबमध्ये नमुने तपासले. कुणी डोळे लाल का विचारलं, तर सर्दी म्हटलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हाही पाऊस होता. मोदक उकडले, वरणभाताचा कुकर लावला, ताट वाढून त्यावर दुसरं ताट पालथं घातलं. ऋचा दारातून बघत होती. नेहमीसारखं चिडवलं नाही.

"नीलू, बाहेर काही दिसणार नाही गं आज. फोनवर आलीच आहे वेळ. इथूनच कळव ना त्याला."

मी फोन देवाजवळ पालथा ठेवला. तांब्या भरला, दूर्वा घेतल्या, ताम्हण पदराखाली धरलं. कोपऱ्यात ती मोठी छत्री उभी होती. जाताना तो विसरला होता, की ठेवून गेला होता... मी विचारलं नव्हतं.

छत्री घेतली, चपला घातल्या, आणि आवाज न करता दार ओढून खाली निघाले.